दुधातही टिकेल अशी वाइन

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी नोकरीला लागले. त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तेही वाइनच्या तळघरात! महिनाभराची उमेदवारी आहे, ‘लागले’ असं कसं लिहितेस, असं ताई म्हणाली असती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय तिला मान्यच नसते. पण वही माझी आहे. लागले, लागले, लागले!

सव्वीस वर्षं मी चहा चाखला. रोजचे दोनशे कप. प्रत्येकातला एक चमचा सुर्रकन ओढायचा, टाळूवर आपटायचा आणि थुंकायचा. मग कंपनीने एक यंत्र आणलं. ते चहा पीत नाही, नुसते आकडे देतं. आम्हा तिघा चाखणाऱ्यांना निरोपाचे पुष्पगुच्छ मिळाले. तेव्हापासून पाच महिने मी घरात बसून ताईचा जीव खाल्लाय: तेल खवट होतंय, ह्या डब्यात आधी काय होतं, ह्या टॉवेलला कोणी हात पुसले. ह्या नोकरीसाठी मी पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ताईलाच झाला.

हे तळघर ज्या हॉटेलचं, त्याच्या मालकीणबाई एका वाक्यात एकच गोष्ट सांगतात. “एकोणतीस तारखेला हॉटेलला तीस वर्षं होतात. वीस पाहुणे जेवायला आहेत. वीस वर्षं जपलेल्या इटालियन बारोलो वाइनच्या बारा बाटल्या आहेत. प्रत्येक बाटली वास घेऊन, चाखून मगच वाढायची. ते नीट पार पडलं तर जागा तुमची.”

नाही पडलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. परत घरी बसून टॉवेल हुंगायचे, दुसरं काय!

एकतीस पायऱ्या उतरल्या की तळघर. गार, कोरडं, छतापर्यंत बाटल्या. कोपऱ्यात पांढरं टेबल, वर झगझगीत दिवा, बाजूला बेसिन आणि दूध-कॉफीपुरती छोटी शेगडी. तिथे शिकवायला एक गृहस्थ आहेत, चौसष्ट वर्षांचे, तीस वर्षं ह्याच तळघरात. मी त्यांचं नाव ‘मुरलेले’ ठेवलंय. तोंडावर अर्थात ‘सर’. ते मला ‘चहाबाई’ म्हणतात. पहिल्याच दिवशी! मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इटलीतल्या लाल वाइनचे पाच ग्लास समोर. मुरलेले म्हणाले, “आधी तुम्ही बोला. मी काही सांगणार नाही.”

मी सवयीने सुर्रकन ओढलं. तळघर घुमलं. मग बेसिनमध्ये पिचकारी मारली, दोन हातांवरून, एक थेंब बाहेर नाही. मुरलेले बघतच राहिले. “तीस वर्षांत असा नेम पाहिला नाही,” म्हणाले. मी म्हटलं, सर, हा तर मी रागावलेली असतानाचा नेम, खूश असले की तीन हात जातो. मग ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी माती खाल्ली. सविस्तर लिहिते म्हणजे पुन्हा होणार नाही.

आमारोने नावाची वाइन होती. द्राक्षं तोडून महिनोन्‌महिने सुकवतात आणि मग त्या सुरकुतलेल्या द्राक्षांची वाइन करतात. किंमत विचारायची सोय नाही. ग्लासात ओतली तेव्हा काचेच्या कडेवरून ती उतरेचना, जाड साय धरावी तशी. वास घेतला आणि माझं भानच गेलं! काळे मनुके, जळायच्या आधी उतरवलेली साखर, कोको, आणि मागे कुठेतरी नव्या कपाटाचं लाकूड. तोंडात घेतली तर तोंड भरून गेलं. थुंकल्यावरही ती तिथेच!

तेवढ्यात मालकीणबाई खाली आल्या. “कशी आहे?” असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, ही दुधातसुद्धा टिकेल!”

मी समजावत बसले की आमच्याकडे चहात शेवटी दूध घालून बघतात, पातळ चहा दुधात बुडतो, भरदार चहाचा तांबूस रंग दुधातूनही वर येतो, आणि यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “पाहुण्यांसमोर दूध हा शब्द काढायचा नाही.” आणि गेल्या.

मुरलेल्यांनी खिशातली वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मी सांगितलेले सगळे वासही लिहून घेतले, मनुके, साखर, कपाट, ओळीने. माझ्या चुकांची नोंद ठेवतात वाटतं. शिस्तीचा माणूस.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मागच्या आठवड्यात खाल्लेली माती कमी होती म्हणून आज पुन्हा.

जुनी बाटली होती. तळाशी गाळ बसलेला. मुरलेले वर फोनवर होते, जाताना म्हणाले, “गाळून ठेवा.” आता मी चहावाली. चहाच्या टेबलावर सगळ्यात आधी काय बघतात? भिजलेली पत्ती! किटलीचं झाकण उलटं करायचं, पत्ती त्यावर घ्यायची आणि नाक घालायचं. चहा नंतर. म्हणून मी वाइन अलगद दुसऱ्या भांड्यात ओतली, भांडं बाजूला सारलं, गाळ पांढऱ्या बशीवर घेतला आणि त्याच्यावर ओणवी होऊन हुंगत बसले. मुरलेले परत आले तर मी बशीत तोंड घालून, नाकाच्या शेंड्याला लाल चिखल.

“बाई, गाळ टाकून वाइन ठेवायची असते.”

“ठेवलीय की. पण आधी पत्ती बघते.”

मला वाटलं, आता गेली नोकरी. पण त्यांनी विचारलं, “काय सांगतेय पत्ती?” मी म्हटलं, शिळी नाही, उन्हात वाळलेल्या विटेचा वास आहे, थोडा लोखंडाचा. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मग म्हणाले, “पुढे? अजून सांगा.” इतक्या आवडीने माझं बोलणं आजवर कोणी ऐकलेलं नाही. ताई तर दुसऱ्या वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा गिळली!

ब्रुनेल्लो नावाची वाइन होती. मी नेम धरला तसे मुरलेले म्हणाले, “ही थुंकायची नाही. हिचा शेवट घशाखाली असतो.” सव्वीस वर्षांत कामावर एक थेंब मी गिळलेला नाही. गिळली. हिरड्या आवळल्या, जिभेची कड सुकली, आणि मग पोटापासून वर एक ऊब आली. चेरी, चामडं, ओला पाचोळा, सगळे पुन्हा परत आले, एकामागून एक. मी म्हटलं, “अहो, ही तर परत येतेय!” “हो,” मुरलेले म्हणाले, “तीच तर गंमत.” मग तीन घोट झाले. चौथा कोणी मोजला नाही.

चार वाजता घरी निघाले तर फूटपाथ जरा मऊ झाला होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी नमस्कार केला. ताईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “सतराचा पाढा म्हण.” सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत मी खणखणीत म्हटला. पुढे हसू आवरेना. मग तीही हसायला लागली. आम्ही दोघी दारातच बसून हसलो, चप्पल काढायची राहिली. ताई शेवटची अशी कधी हसली होती, आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुरलेल्यांसाठी माझ्याकडचा जपून ठेवलेला चहा घेऊन गेले. वर्षाच्या पहिल्या तोडीचा. वास असा की कप समोर आला की माणूस आपोआप गप्प बसतो. त्यांनी घोट घेतला. मी वाट बघतेय.

“छान गरम आहे,” म्हणाले.

छान गरम! मला रडूच आलं असतं. पण मग विचार केला, वाइनचा माणूस, चहात काय कळणार बिचाऱ्याला. प्रत्येकाचा आपला प्रांत.

कॉफीसाठी शेगडीवर दूध ठेवून ते तिथेच, दोन हातांवर, लेबलं पुसत होते. मी रॅकच्या पार पलीकडच्या टोकाला होते. तिथून मला दूध लागल्याचा वास आला, मी ओरडत धावले, तरी हे आपले लेबलं पुसताहेत! किती ती एकाग्रता. अशी माणसं आता राहिली नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कमाल आहे बाई ह्या माणसाची! चाखणाऱ्याने सुगंध लावू नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. वाइनवाल्यांचाही तोच असणार. आणि आज मुरलेले अत्तराने न्हाऊन आले. अक्षरशः न्हाऊन! पायरीवर होते तेव्हाच मला शिंक आली. मी काही बोलले नाही, कारण लगेच लक्षात आलं: ही परीक्षा आहे. मेजवानीत वीस पाहुणे वीस सुगंध लावून येणार, त्यात मला बाटली ओळखता आली पाहिजे. काय एकेक डोकं लढवतात!

मी पाचही ग्लास ओळखले. मग म्हटलं, “सर, कळली हो तुमची युक्ती. अत्तर.” ते एकदम थांबले. कॉलर नाकाशी नेली, खाली केली. “जास्त झालंय का?” मी म्हटलं, अगदी भरपूर. “बाटलीतून किती पडतं, अंदाज येत नाही,” असं काहीतरी पुटपुटून ते तोंड धुवायला गेले. विनय म्हणतात तो हाच.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्यासाठी लावलं असेल.” काहीतरीच! तिला दुसरे विषयच सुचत नाहीत. नव्या चपला मी घेतल्या त्या पायऱ्या निसरड्या आहेत म्हणून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकीणबाईंनी वर बोलावलं. “प्रगती चांगली आहे,” म्हणाल्या. मी फुगलेच. मग म्हणाल्या, “तळघरात दोन माणसांचं काम नाही. एकोणतीसची मेजवानी झाली की ते जातील.”

ते? ते म्हणजे कोण? मुरलेले!

म्हणजे मी पास झाले की ते घरी, आणि त्यांना राहायचं असेल तर मी नापास. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. एकतीस पायऱ्या मी तीन ठिकाणी थांबून उतरले. सरळ विचारलं, तुम्हाला माहीत आहे का? ते बाटली पुसत म्हणाले, “मीच बाईंना सांगितलं, कोणीतरी नाकवालं माणूस आणा म्हणून. तुमचं पत्र मीच निवडलं.”

“पण का? तुमचं असं काय वय झालंय? तुम्हाला तर ह्या बाटल्यांची वंशावळ पाठ आहे!”

“पाठ आहे, हे खरं,” म्हणाले. “चला, तिसरा ग्लास.”

घर नाही का त्यांना, कुटुंब? विचारलं तर, मुलगी लांब असते, आणि घरात करण्यासारखं काही नसतं, एवढंच म्हणाले. मग त्यांना जायचंय तरी कशाला? मला ह्या माणसाचं काही कळत नाही. जेवण गेलं नाही आज.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं: आधी मेजवानी पार पाडायची, मग बाईंशी भांडायचं. एकदा ठरलं की मला हलकं वाटतं. त्यात आज बारोलोची नमुन्याची एक तरुण बाटली उघडली आणि मी पुन्हा हवेत! दिसायला फिकी, पाण्यात माणिक धुतल्यासारखी, आणि तोंडात घेतली की असा काही चटका हिरड्यांना, की बापरे. ही मुलगी दिसते नाजूक पण घर चालवणारी आहे, असं मी म्हटलं. मुरलेल्यांनी लिहून घेतलं. त्यांची वही आता भरत आली आहे, सगळी माझ्या बडबडीने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शिंका. सकाळपासून अकरा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाक बंद. चोंदलं म्हणजे चोंदलंच. वाफ घेतली तीनदा, ताईने छाती-पाठ शेकली, डोक्याला रुमाल बांधला. नाकाशी कांदा धरला तरी काही नाही! उद्या मेजवानी. पण मी तशी घाबरले नव्हते. मी नापास होईन, पण बाटल्यांना काही होणार नाही, मुरलेले आहेत ना! उलट बरंच झालं असंही वाटलं. खाली गेले आणि रुमालातून म्हटलं, “सर, उद्या नाक तुमचं. बी दुसती वाढते.”

त्यांच्या हातातला ग्लास फुटला. ते खोक्यावर बसले.

“चहाबाई,” म्हणाले, “मला वास येत नाही.”

“तुम्हालाही सर्दी?”

“गेल्या डिसेंबरात ताप आला होता. ताप गेला. त्याच्याबरोबर वासही गेला. अकरा महिने झाले.”

मला एकेक आठवायला लागलं. दूध, चहा, अत्तर, ‘आधी तुम्ही बोला’, ती वही. सव्वीस वर्षं ज्या नाकाचा मी तोरा मिरवला, त्याला समोरचा माणूस कळला नव्हता.

“मग अकरा महिने चालवलंत कसं?”

“कधी आचाऱ्याला विचारायचो, कधी वाढप्याला. सांग बघू, काय वास येतो? सगळ्यांना वाटायचं, मी शिकवतोय. पण त्यांना धड सांगता येत नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी बोलायला लागलात आणि...” त्यांनी खिशातली वही काढली. “तुम्ही विटेचा वास म्हणालात ना, तेव्हा मला आला. खरंच आला. डोळे मिटले की येतो.”

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसू. दोघं माणसं, चार नाकपुड्या, उद्या बारा बाटल्या, आणि वास शून्य! मी हसायला लागले, चोंदल्या नाकाने ते हसणं काहीतरी भलतंच बाहेर पडलं, आणि तेही हसले, डोळे पुसत. बाईंना सांगायचं का? सांगितलं तर आजच ते बाहेर. नाही सांगितलं तर उद्या कदाचित आम्ही दोघंही.

“जीभ आहे ना आपली,” मी म्हटलं. “हिरड्या आहेत, डोळे आहेत. उद्या चारला या.”

३० नोव्हेंबर, रविवार

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

चार वाजता दहा बाटल्या उघडल्या, दोन राखून ठेवल्या. मुरलेल्यांनी रंग आणि बुचं बघितली, मी घोट घेतला. नऊ बाटल्या तोंडात जिवंत होत्या, हिरड्यांना चावत होत्या. सातवी मला मेल्यासारखी वाटली. मुरलेले म्हणाले, रंग छान आहे, बूच निरोगी आहे. मी म्हटलं, मला नक्की सांगता येत नाही. वीस वर्षं जपलेली बाटली नुसत्या शंकेने बेसिनमध्ये ओतायची? आणि ओतली नाही, आणि ती खराब निघाली, तर?

मग मला सुचलं. कसं ते विचारू नका, सर्दीत डोकं वेगळंच चालतं.

रात्री सगळे पाहुणे स्थानापन्न झाल्यावर मी पुढे झाले आणि ठणकावून सांगितलं, “एरवी आधी आम्ही वास घेतो, मग तुम्हाला वाढतो. आज उलटं. आज मान पाहुण्यांचा. प्रत्येक बाटलीचा पहिला वास तुम्ही घ्यायचा आणि आम्हाला सांगायचा!” मालकीणबाईंच्या भुवया केसांत गेल्या. पण पाहुणे! अहो, लहान मुलांसारखे झाले. एकजण म्हणाला गुलाब, दुसऱ्याने सांगितलं नवा रस्ता करताना येतो तसा डांबराचा वास, एका बाईंना माहेरचं कपाट आठवलं. एक वकील एका डॉक्टरांशी भांडायला लागले की ही चेरी नाही, आलुबुखार आहे. मुरलेले प्रत्येकाकडे जाऊन ऐकत होते आणि मग त्या डोंगराचं, त्या वर्षीच्या पावसाचं असं काही सांगत होते की लोक घास विसरले. एवढी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

सातवी बाटली आली. एक ग्लास, दुसरा ग्लास, ‘छान, छान’. तिसरा ग्लास कोणाच्या तरी सासूबाईंपुढे गेला, ऐंशीच्या असतील. त्या पीत नव्हत्या, नुसता वास घेत होत्या. त्यांनी नाक मुरडलं.

“ह्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.”

सून म्हणाली, “आई, प्लीज!” मी सासूबाईंच्या पाया पडायचीच बाकी होते. “अगदी बरोबर!” म्हणत मी तिन्ही ग्लास उचलले. “बुचाचा दोष. अख्ख्या टेबलावर तुम्हीच पकडलात!” टाळ्या! सासूबाई लाजल्या. डॉक्टर उठून मुरलेल्यांना म्हणाले, “मानलं बुवा! खराब बाटली तुम्ही मुद्दाम मध्ये घातली होती ना, आमची परीक्षा बघायला?”

मुरलेल्यांनी ‘हो’ म्हणायचं होतं. फक्त ‘हो’. मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत होते.

मुरलेले सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “नाही. मला वास येत नाही. अकरा महिने झाले. आणि ह्यांना सर्दी झालीय.”

आणि सगळं टेबल हसून लोळलं! डॉक्टरांनी तर टेबलावर हात आपटले. “काय विनोदी माणूस आहे!” पुन्हा टाळ्या. एवढं धाडस करून माणसाने खरं सांगावं आणि लोकांनी ते विनोद म्हणून डोक्यावर घ्यावं! मुरलेले भांबावून माझ्याकडे बघत राहिले. वीसजण हसत होते. एकट्या मालकीणबाई हसल्या नाहीत.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी तोंड धुताना साबणाचा वास आला. नाक उघडलं! मी ताईला मिठी मारली. ताई म्हणाली, “भांडायला चाललीस ना? मग मुद्द्याचं बोल, आणि थोडं बोल.”

खाली मुरलेल्यांनी सामान आवरून ठेवलं होतं. तळघराची किल्ली टेबलावर. अकरा वाजता मालकीणबाई आल्या, हातात राखून ठेवलेल्या दोनांपैकी एक बाटली. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “परवा जे बोललात ते खरं होतं?”

“खरं होतं,” मुरलेले म्हणाले. “किल्ली इथे आहे.”

“जागा तुमची,” बाई मला म्हणाल्या.

“नको,” मी म्हटलं. “ह्यांच्याशिवाय नको. मला वास येतो, पण तो कसला आणि चांगला की वाईट, ते हे सांगतात. मी चार आठवड्यांची आहे, बाई. हे तीस वर्षांचे आहेत.”

“मला कोणाची दया नको,” मुरलेले चिडून म्हणाले. मी त्यांना चिडलेलं प्रथमच पाहिलं. “वास न येणारा माणूस तळघरात कशाला हवा?”

“तेच मला बघायचंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. “उघडा. चाखा. काय आहे ते सांगा. आणि तुम्ही,” माझ्याकडे वळून, “मध्ये बोलायचं नाही.”

मुरलेल्यांनी उघडली, बूच अखंड निघालं. त्यांनी दोन ग्लासांत ओतली, गाळ अलगद मागे ठेवला. दिव्याखाली ग्लास तिरका केला. घोट घेतला आणि डोळे मिटले. मी माझा ग्लास नाकाशी धरला होता आणि मनात सारखी म्हणत होते, काहीही सांगा, मी ‘बरोबर’ म्हणणार आहे. देवाशपथ, खोटं बोलायची पूर्ण तयारी झाली होती माझी.

“ते वर्ष तापलेलं होतं,” ते सावकाश बोलायला लागले. “पण आंबटपणा अजून ताठ आहे, म्हणजे मळा उंचावरचा. गुलाब असणार, वाळलेला, कडेला काळ्या पडलेल्या पाकळ्यांचा. डांबर, पण पातळ. चेरी आता राहिली नसेल, तिची साल राहिली असेल. तंबाखूचं पान.” मी एकेक शोधत होते आणि एकेक सापडत होतं, अगदी त्याच क्रमाने. मग ते थांबले. “आणि ज्येष्ठमध.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा वास घेतला. खोल घेतला. ज्येष्ठमध नव्हता.

माझं तोंड ‘आहे’ म्हणायला उघडलंसुद्धा. तेवढ्यात ते म्हणाले, “आता नाही येणार. ग्लास रिकामा करा. दोन मिनिटं थांबा. मग बघा.”

मी गिळली. घड्याळाकडे बघत दोन मिनिटं मोजली. मग मी रिकाम्या ग्लासात नाक घातलं, आणि तळाशी, काचेवर सुकलेल्या त्या थेंबात, गोड, लाकडासारखा, स्वच्छ, ज्येष्ठमध होता. माझ्या ह्या नाकाला सापडला नव्हता आणि ज्यांना वास येत नाही त्यांनी तो मला दाखवला.

“आहे ना?” मुरलेल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“आहे हो,” मी म्हटलं. “आहे!”

बाईंनी माझ्या हातातून ग्लास घेतला, स्वतः हुंगला, किल्ली उचलून मुरलेल्यांच्या समोर सरकवली. “उद्या नऊला,” म्हणाल्या, “दोघं.” आणि पायऱ्या चढून गेल्या.

मुरलेल्यांनी तो रिकामा ग्लास नाकाशी नेला. त्यांना काहीच येणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते किती वेळ तसेच उभे होते, आणि मी त्यांना सांगत होते.